बार्बाडोसमध्ये मी पॅनमन शोधत होतो

जावई बार्बाडोसमध्ये एका मेडिकल कॉलेजात शिकवतो, म्हणून आमचं तिकडं जाणं झालं. नाहीतर निपाणीजवळच्या, वेदगंगेकाठच्या गावातला, साखर कारखान्यात पॅनवर नोकरी संपवलेला माणूस वेस्ट इंडीजला कशाला जातोय? चावडीवर बातमी फुटली तेव्हा पहिला प्रश्न आला, “म्हंजे रोहितनं गवात खाल्लं त्येच गाव न्हवं?” तेच. २९ जून २०२४ ला वर्ल्डकपची फायनल झाली ते केन्सिंग्टन ओव्हल ब्रिजटाउनमध्येच आहे, आणि जावयानं आम्हाला सगळ्यात आधी तिथंच नेलं. सूर्यकुमारनं झेल घेतला ती बाजू कुठली, हे हिनं तिथल्या माणसाला हातवारे करून विचारलं आणि त्यानंही हातवारे करूनच दाखवलं. गॅरी सोबर्सच्या पुतळ्याशेजारी फोटो झाला. क्रिकेटचं एवढंच. मी लिहायला बसलोय ते साखरेवर.

पॅनमन म्हणजे कोण, हे ऊसपट्ट्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. रस साफ होऊन, आटून पाक झाला की तो पॅनमध्ये येतो. पॅन म्हणजे बंद टाकी. आतली हवा ओढून घेतलेली असते, त्यामुळं पाक कमी उष्णतेवर उकळतो आणि करपत नाही. त्यात दाणा धरायचा, तो वाढवायचा, एकसारखा ठेवायचा आणि नेमक्या वेळी माल खाली सोडायचा. आता मीटर आले, संगणक आले. आमच्या वेळी प्रूफ स्टिकनं नमुना काढून काचेच्या पट्टीवर पसरायचा, दिव्यासमोर धरायचा, बोटानं चोळून बघायचा. वडील गुळव्या होते. हंगामात आमच्या भागातल्या गुऱ्हाळांवर त्यांना मागणी असायची. “माझी काहिल उघडी, तुझी झाकलेली, एवढाच फरक,” असं ते म्हणायचे आणि ते फारसं खोटं नव्हतं.

तर जे बेट तीनशेहून जास्त वर्षं साखरेवर जगलं, तिथं जाऊन मी काय बघणार? लेकीनं यादी काढली होती: जुनी घरं, पवनचक्की, टेहळणीचा बुरूज, संग्रहालय. मी म्हटलं, सगळं बघू, पण साखर शिजवणारा माणूस कुठं भेटतो ते मला बघायचंय.

बेट केवढं, तर लांबी चौतीस किलोमीटर, रुंदी तेवीस. आमचा खानापूर तालुका त्याच्या कितीतरी पट मोठा भरेल, आणि एकट्या बेळगाव शहरात त्या देशापेक्षा जास्त माणसं राहतात. डोंगर म्हणावं असं काही नाही. जमीन पोवळ्यांच्या चुनखडीची, पाणी खाली झिरपून जाणारी. इंग्रज इथं १६२७ मध्ये वस्तीला आले ते पश्चिम किनाऱ्यावर, होलटाउनला. तिथं एक स्मारक आहे, आणि त्यावर इंग्रजांच्या पहिल्या आगमनाचं साल १६०५ कोरलंय. ते चुकीचं आहे. इंग्रजी जहाज पहिल्यांदा आलं १६२५ मध्ये. १९७५ मध्ये साडेतीनशे वर्षं झाली तेव्हा खाली दुसरी पाटी लावली, बरोबर सालाची. वरची चूक मात्र तशीच ठेवलीय. मला हे आवडलं. आमच्याकडं असती तर दोन गटांत मारामारी होऊन दोन्ही पाट्यांना काळं फासलं गेलं असतं.

पहिली काही वर्षं या लोकांनी इथं तंबाखू लावला. निपाणीचा माणूस इथं कान टवकारणारच. पण इथला तंबाखू हलका, देठकट. व्हर्जिनियाच्या मालापुढं लंडनच्या बाजारात त्याला कुणी विचारेना. कापूस करून झाला, नीळ करून झाली. मग १६४० च्या दशकात ब्राझीलमध्ये डच आणि पोर्तुगीज साखर कशी करतात ते बघून इथल्या काही मळेवाल्यांनी ऊस लावला. त्यांत जेम्स ड्रॅक्सचं नाव सगळ्यात पुढं. आमच्या भागानंही तंबाखूवरून उसावर उडी मारली, पण त्यामागं वेगळं कारण होतं. १९८१ च्या तंबाखू शेतकऱ्यांच्या आंदोलनात निपाणीत गोळीबार झाला, बारा शेतकरी गेले. त्यानंतर नदीकाठाला पाण्याच्या स्कीमा होत गेल्या, पाठोपाठ कारखाने आले, आणि हळूहळू ऊस. आमच्यात ऊस लावणारा आपल्याच रानात लावत होता. बार्बाडोसमध्ये वीस-पंचवीस वर्षांत जंगल साफ झालं, लहान शेतकऱ्यांच्या जमिनी मोठ्यांनी गिळल्या आणि कामाला आफ्रिकेतून माणसं विकत आणली. १६६१ मध्ये तर त्यांना कसं वागवायचं, पळाले तर काय शिक्षा, याचा सबंध कायदाच केला. इंग्रजांच्या वसाहतींतला तसला तो पहिला. पुढं जमैकानं आणि अमेरिकेतल्या कॅरोलिनानं त्याचीच नक्कल केली.

बेटाच्या उत्तरेला सेंट निकोलस ॲबी नावाचं घर आहे. नावात मठ असला तरी तिथं साधू-बिधू कधी नव्हते. १६५८ च्या सुमारास बांधलेला हा मळेवाल्याचा वाडा. त्या धाटणीची जुनी इंग्रजी घरं अमेरिका खंडात फक्त तीन उरलीत, त्यातली दोन या एवढ्याशा बेटावर. दुसरं ड्रॅक्स हॉल. वाड्याला वळणदार कमानींची तीन त्रिकोणी शिखरं आहेत, समोर झाडी आहे, आत चिनी मातीची भांडी. आणि वरच्या मजल्यावर, झोपायच्या खोल्यांत, शेकोट्या! बाहेर घामानं सदरा अंगाला चिकटलेला आणि भिंतीत चांगली धुराडं असलेली शेकोटी. म्हणे घराचा नकाशा इंग्लंडात काढला आणि तसाच्या तसा इथं उभा केला. ही म्हणाली, “सासूनं पाठवलेलं स्वेटर दिसतंय.” पहिल्या मालकाचा शेजाऱ्यानं काटा काढला आणि त्याच्या बायकोशी लग्न लावलं, अशी एक कथा गाइड रंगवून सांगतो. खून झाला की नाही ते देव जाणे. लग्न मात्र झालं होतं, आणि तो शेजारी पुढं कॅरोलिनाचा गव्हर्नरही झाला.

माझं लक्ष घरात नव्हतं. मागून आवाज येत होता. वाफेवर चालणारा घाणा मी आयुष्यात इथं पहिल्यांदा बघितला, १८९० चा, इंग्लंडात बनलेला. हंगाम होता, त्यामुळं गाळप चालू. इथला हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो, आमचा त्या सुमाराला संपत आलेला असतो. रोलरमधून चिपाड बाहेर पडत होतं, खाली रस पन्हळीतून वाहत होता आणि वास... तो वास सांगायला नको. लेक म्हणाली, “बाबा, तुमचा चेहरा बघा.” मी वाकून रस बघितला, चिपाड हातात घेऊन पिळलं. ओल फार राहिलेली. आमचा चीफ इंजिनियर असता तर मिलवाल्याची धडगत नव्हती. पण ते साखर करत नाहीत. रसाचा पाक करून रम गाळतात, त्यामुळं चार थेंब गेले तरी त्यांचं काही अडत नाही.

घरात खाली एका खोलीत १९३० च्या दशकात मालकानं स्वतः काढलेलं हलतं चित्रण दाखवतात. पवनचक्की फिरतेय, बायका डोक्यावर उसाच्या मोळ्या नेताहेत, पोरं धावताहेत. आवाज नाही. शिजवायच्या खोलीत कॅमेरा जास्त वेळ थांबत नाही. तिथं अंधार असणार, वाफ असणार, कबूल. पण बेटावर जिथं गेलो तिथं हेच होतं. घर दाखवतात, घाणा दाखवतात, रम चाखायला देतात. काहिलीजवळ उभा होता त्याच्यापाशी आलं की गाइड पुढच्या दाराकडं वळतो.

मॉर्गन लुईसची पवनचक्की त्या मानानं साधी, आणि मला जास्त पटली. सेंट अँड्र्यू भागात, पूर्व किनाऱ्याकडच्या उतारावर दगडी गोल बुरूज, वर लाकडी टोपी, चार पंख. टोपीला मागं लांबलचक दांडा जोडलाय, जमिनीपर्यंत आलेला. वारा फिरला की तो दांडा ढकलत अख्खी टोपी वाऱ्याकडं वळवायची. आत तीन रोलर. ही चक्की १९४७ पर्यंत ऊस गाळत होती, बेटावरची शेवटची. एके काळी अशा पाचशेच्या वर होत्या. एवढ्याशा बेटावर पाचशे कशाला, असं जावयानं विचारलं. तो डॉक्टर, त्याला काय माहीत. म्हटलं, ऊस तोडला की घड्याळ सुरू होतं. एक दिवस पडला की उतारा, म्हणजे उसातून निघणारी साखर, घसरतो, दोन दिवस पडला की रस आंबतो, साखरेचा दाणा धरत नाही. बैलगाडीवर ऊस लांब न्यायचा तर शिळा होणार. म्हणून ज्याचा मळा त्याचा घाणा, त्याच्याच काहिली. आणि पूर्वेकडून समुद्रावरचा वारा इथं बारमाही, तेव्हा चक्क्या उभारणं परवडायचं. आमच्या नदीकाठाला असा वारा नाही. आमच्या आज्याच्या घाण्याला बैलच होते.

त्याच कारणासाठी हंगामात घाणा रात्रंदिवस थांबत नसे, हेही मी त्याला सांगितलं. दिवसभर ऊस तोडलेली माणसं रात्रपाळीला घाण्यावर आणि काहिलीवर. रोलरमध्ये ऊस सारायचं काम पुष्कळदा बायकांकडं असायचं. झोपेनं डोळा लागला की बोटं, बोटांमागं हात, हातामागं माणूस. म्हणून घाण्याशेजारी एक धारदार कुऱ्हाड ठेवलेली असे, अडकलेला हात तोडायला. घाणा थांबवण्यापेक्षा ते लवकर व्हायचं. आमच्या गावात घाण्यात हात गेलेला एक म्हातारा होता, आम्ही लहानपणी त्याच्या रिकाम्या बाहीकडं बघत बसायचो. तेव्हा बैल सोडायला चौघे धावले होते म्हणतात.

आता काहिलीवर येतो.

कॅरिबियन मळ्यावरचं शिजवघर म्हणजे ओळीनं चार-पाच काहिली, मोठीपासून लहानीपर्यंत. पहिल्या मोठ्या काहिलीत रस, त्यात चुना. चुना पडला की घाण वर येते, ती मळी झाऱ्यानं काढत राहायची. आमच्या गुऱ्हाळात भेंडीचं पाणी घालतात, शिवाय चुनाही. मग रस पुढच्या काहिलीत ओतायचा, लांब दांड्याच्या डावानं, हातानं. तिथून पुढच्या. शेवटची सगळ्यात लहान आणि सगळ्यात तापलेली. जंगल तर कधीच संपलेलं, त्यामुळं जळण म्हणजे वाळवलेलं चिपाड. चुलवाणात सारत राहायचं. उकळता पाक अंगावर उडाला तर तो पाण्यासारखा ओघळून जात नाही, कातडीला धरून बसतो. हे मला कुणी सांगायची गरज नाही, डाव्या मनगटावर एक डाग आहे.

शेवटच्या काहिलीवर उभा असायचा मुख्य शिजवणारा. तो गुलामच. पाक कधी उतरवायचा हे तो ठरवायचा, मालक नाही, गोरा मुकादमही नाही. अंगठा आणि तर्जनीमध्ये पाकाचा थेंब घेऊन बोटं लांबवायची, तार कुठं तुटते ते बघायचं. घटकाभर लवकर काढला तर दाणा धरत नाही, घटकाभर उशीर झाला तर करपलं. सबंध वर्षाचा ऊस, तोडणी, वाहतूक, घाणा, सगळं त्या दोन बोटांवर येऊन थांबायचं. मळ्यांच्या वह्यांत गुलामांची नावं आणि किमती लिहीत, बहुतेकदा गुराढोरांच्या याद्यांशेजारी. त्यांत या माणसाची किंमत शेतात राबणाऱ्यापेक्षा बरीच जास्त लावलेली असायची.

वडील थंड पाण्यात थेंब टाकून गोळी बघायचे. मी काच बघायचो. आम्हा दोघांना त्याबद्दल मान होता आणि पगार होता. गुळव्याला तर जेवायला पहिलं ताट. हे लिहिताना हात थांबतो, पण लिहितो: कसब तेच, आणि त्या कसबापायी त्या माणसाची विक्रीची किंमत वाढत होती.

तिथं असताना रात्री लेकीनं फोनवर एक गोष्ट वाचून दाखवली. कारखान्यात इतकी वर्षं काढून मला ती माहीत नव्हती. रस आटवायला आम्ही जी ओळीनं चार भांडी वापरतो, ज्याला सगळे ‘क्वाड’ म्हणतात, त्यात पहिल्या भांड्याची वाफ दुसऱ्याला तापवते, दुसऱ्याची तिसऱ्याला, आणि पुढं पुढं दाब कमी होत जातो. जळण वाचतं, पाक करपत नाही. ही युक्ती काढली नॉर्बर्ट रिल्यू नावाच्या माणसानं. जन्म १८०६, न्यू ऑर्लिन्स. बाप गोरा मळेवाला, आई मुक्त कृष्णवर्णीय बाई. पॅरिसला शिकला, आणि १८४३ मध्ये पहिलं पेटंट घेतलं. एका काहिलीतून दुसरीत उकळता पाक डावानं ओतणारी माणसं त्यानं लहानपणापासून बघितली असणार. जगातला कुठलाही साखर कारखाना आज त्याच्याच डोक्यावर चालतो, आमच्या बेळगाव जिल्ह्यातले वीसच्या वर कारखानेही. आमच्या बॉयलिंग हाउसमध्ये दसऱ्याला यंत्रांची पूजा व्हायची, झेंडूच्या माळा क्वाडवर चढायच्या. नाव माहीत असतं तर एक माळ त्याच्या नावानं घातली असती.

बाकीच्या जागा भराभर सांगतो. ब्रिजटाउन आणि तिथली लष्करी छावणी २०११ पासून जागतिक वारशात आहे. एकोणीस वर्षांचा जॉर्ज वॉशिंग्टन १७५१ मध्ये आजारी भावाला हवापालटाला घेऊन इथं आला, स्वतःच देवी अंगावर घेऊन परत गेला. तो राहिला त्या घराला आता तिकीट आहे. ज्यूंचं प्रार्थनास्थळ मूळ १६५४ चं, ब्राझीलमधून हाकललेल्या ज्यूंनी उभारलेलं. १८३१ च्या वादळात पडलं, पुन्हा बांधलं. आतली शांतता आणि झुंबरं छान. गन हिलचा टेहळणी बुरूज १८१८ चा. तिथून बेटाचा अर्धा भाग दिसतो, वारा असा की हिचा पदर आवरेना. येळ्ळूरच्या राजहंसगडावर शत्रू बाहेरून येतोय का ते बघत. इथं मात्र आतल्यांवर नजर ठेवायला बुरूज बांधला. कारण १८१६ च्या ईस्टरला गुलामांनी उठाव केला होता, मळ्यांना आगी लावल्या होत्या. त्यांचा पुढारी म्हणून बुसाचं नाव घेतात. आज हमरस्त्याच्या चौकात एक पुतळा आहे, हात वर केलेला, मनगटांत तुटलेल्या साखळ्या. १९८५ मध्ये बसवला, आणि लोक त्याला बुसाच म्हणतात. उलट १८१३ पासून शहराच्या मधोमध उभा असलेला इंग्रज आरमाराचा सेनापती नेल्सन याचा पुतळा नोव्हेंबर २०२० मध्ये काढून ठेवला, आणि ३० नोव्हेंबर २०२१ ला देश प्रजासत्ताक झाला. पुतळे आणि पाट्या यांत काय काय गुंतलेलं असतं हे सीमाभागातल्या माणसाला कुणी शिकवू नये. इथं क्रेन आली, भाषणं झाली आणि लोक घरी गेले. मी थोडा हेव्यानंच ऐकलं.

संग्रहालय जुन्या लष्करी तुरुंगात आहे. त्यानंतर जावयानं गाडी न्यूटन मळ्याकडं घेतली. तिकडं यायला ही फार राजी नव्हती, स्मशान बघायला कुणी सुट्टीत जातं का म्हणून. उसाच्या रानाला लागून एक उतरती, गवताळ जागा, पिकाला निरुपयोगी. १६६० च्या सुमारापासून १८२० पर्यंत या मळ्यावरच्या गुलामांना इथं पुरलं. पावणेसहाशेच्या आसपास माणसं असावीत असा अंदाज आहे. दगड नाही, नाव नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला संशोधकांनी काही भाग खणला. सांगाड्यांत शिसं फार निघालं. साखर काढल्यावर उरलेल्या काळ्या पाकाची, म्हणजे मळीची, रम गाळायची भट्टी, तिच्या नळ्या शिशाच्या. तीच रम या लोकांना रोजच्या वाट्यात मिळायची. पोट आवळून धरणारा एक आजार त्या काळी बेटावर सर्रास होता, आणि कारण कुणाला कळत नव्हतं.

एका थडग्यात एक वयस्कर माणूस सापडला. हातात धातूची कडी, बोटांत अंगठ्या, जवळ मातीची चिलीम, सुरी, आणि गळ्यात माळ. माळेत कुत्र्याचे दात, माशाचे मणके, काचेचे मणी, कवड्या आणि एक लालसर अकीक. आपल्या लोकांतला वैदू किंवा देवऋषी असावा, असं अभ्यासक म्हणतात, कारण एवढं सगळं बरोबर घालून इतर कुणाला पुरलेलं नव्हतं. तो अकीक बहुधा भारतातला, गुजरातेतल्या खंबातकडचा. कवड्या हिंदी महासागरातल्या. लेक हे सांगत होती तेव्हा ही गप्प झाली आणि मग तिनं चप्पल काढली. कुणी सांगितलं नव्हतं. मीही काढली. गवतात खडे होते.

हा खंबातचा मणी आफ्रिकेतून कुणाकुणाच्या हातानं इथवर आला असेल याचा विचार करत बसायला मला आवडतं. बाकी हिंदुस्थानी माणसं मात्र बार्बाडोसला मजूर म्हणून आली नाहीत. गुलामी १८३४ ला कायद्यानं संपली, प्रत्यक्षात १८३८ ला. मालकांना ब्रिटिश सरकारनं सगळ्या वसाहतींत मिळून दोन कोटी पौंड भरपाई दिली. गुलामांना काही नाही. मग गयाना आणि त्रिनिदादच्या मळेवाल्यांनी आपल्याकडून गिरमिटिये, म्हणजे करारानं बांधलेले मजूर, नेले, कारण तिथं सुटलेली माणसं लांब जाऊन रिकाम्या जमिनीवर राहू शकत होती. बार्बाडोसमध्ये रिकामी जमीन होतीच कुठं? सगळी मळ्यांची. सुटलेला माणूस त्याच मळ्यावर राहणार, त्याच मालकाचा ऊस तोडणार. आज ब्रिजटाउनमध्ये जे हिंदुस्थानी दुकानदार दिसतात ते बरेचसे सुरतेकडचे मुसलमान, गेल्या शंभरेक वर्षांत व्यापाराला आलेले. त्यांच्या एका दुकानात आम्हाला तूरडाळ मिळाली.

यातूनच तिथली छोटी लाकडी घरं आली, सगळ्या बेटावर दिसतात ती. रंगीत, देखणी, पर्यटक फोटो काढतात. घर जमिनीत रोवलेलं नसतं, नुसत्या दगडांवर ठेवलेलं. जमीन मळ्याची, घर मजुराचं. मालकाशी बिनसलं की फळ्या सुट्या करायच्या, गाडीत घालायच्या आणि दुसऱ्या मळ्यावर जाऊन पुन्हा जोडायच्या. मला आमच्याकडच्या तोडणीवाल्यांची पालं आठवली, गावाबाहेर ओढ्याकाठी उभी राहणारी. बीडकडची, विजापूरकडची जोडपी. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत काम. त्याला मी गुलामी म्हणणार नाही. ज्याला विकता येतं त्याची गोष्ट वेगळी, आणि ती वेगळीच ठेवली पाहिजे. पण कारखान्यात ऊस टाकतात त्या गव्हाणीजवळ पहाटे तीनला गाडी रिकामी व्हायची वाट बघत, चाकाशेजारी पोराला घेऊन झोपलेली बाई मी हंगामामागून हंगाम बघितलीय.

शेवटी पॅनमन भेटला तो बसथांब्यावर. तिथल्या थांब्यांवर गावांची नावं नसतात. ‘शहराकडं’ किंवा ‘शहराबाहेर’, दोनच पाट्या. बेटावर आता एकच साखर कारखाना चालतो, पोर्टव्हेल. त्याच्या धुराड्याकडं बघत मी लेकीला काहीतरी सांगत होतो, तर बाकावरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, साखरेतला का? त्याची इंग्रजी मला चारआणे कळायची. पण कारखान्याची इंग्रजी सगळीकडं एकच. पॅन म्हटल्यावर तो सरकून बसला. आता बंद पडलेल्या एका कारखान्यात तो शुगर बॉयलर, म्हणजे आमच्या भाषेत पॅनमनच, होता, आणि त्याच्या आधी त्याचा चुलता. त्यानं विचारलं, तुमच्याकडं तोडतं कोण? मी सांगितलं, उचल, मुकादम, जोडपी, पालं. त्यानं मान हलवली. म्हणाला, माझ्या आजीचं घर दोनदा हललं.

मग त्यानं विचारलं, कारखाना कुणाचा? म्हटलं, आमचा सहकारी होता, शेतकऱ्यांच्या शेअरचा. त्याला ते खरं वाटेना. ऊस पिकवणाराच मालक? मग बिलं वेळेवर मिळत असतील? मी हसलो, आणि ते भाषांतराशिवाय त्याला समजलं.

त्यानंतर आमचं जुंपलं ते दाण्यावरून. तो म्हणाला, काच-बिच सगळं नंतर, खरा माल बोटांतच कळतो, चुलत्यानं तसंच शिकवलं. मी म्हटलं, बोट फसवतं, थंडीत एक सांगतं, उन्हाळ्यात दुसरं. तो म्हणाला, इथं थंडी असतेच कुठं? मी म्हटलं, मग तुम्हाला पॅन चालवणं सोपं गेलं. हे लेकीनं मुद्दाम सौम्य करून सांगितलं असावं, पण तो तिरमिरला. त्यानं अंगठा आणि तर्जनी माझ्या नाकासमोर धरली आणि तार कशी तुटायला हवी ते दाखवू लागला. मी खिशातला चष्मा काढून त्याच्या काचेवर नमुना कसा पसरायचा ते दाखवू लागलो. लेक मधे उभी, दोन्ही बाजूंचं भाषांतर करत. पिवळी मिनीबस आली, आतल्या गाण्याच्या दणक्यानं काही ऐकू येईना, कंडक्टर ओरडला. “बाबा, आता मी एक शब्द सांगणार नाही, चढा आधी,” असं म्हणून तिनं मला दंडाला धरून वर ओढलं. म्हाताऱ्याची बसही तीच होती. तो मागच्या सीटवर येऊन बसला आणि खांद्याला टोचून पुन्हा बोटं दाखवू लागला.